लीग संपली, पहिला नंबर ठरला, मग पुन्हा चषक कशाला?

प्रश्न सोलापूरच्या एका काकांचा आहे. त्यांची लेक मिनियापोलिसला एम.एस. करते. मार्चमध्ये काका-काकू तिच्याकडे जाणार आहेत आणि तिनं कॉलेजच्या मुलींच्या आइस हॉकीतल्या कॉन्फरन्स स्पर्धेची (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत लीग खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) तिकिटं काढून ठेवली आहेत. काका विचारतात: "पाच महिने लीग चालते, त्यात पहिला कोण ते ठरतं. पुढे राष्ट्रीय स्पर्धा आहेच. मग मधे ही तिसरी भानगड कशाला? तिकिटं खपवायला? आणि आम्ही पडलो क्रिकेटवाले, आम्हाला तिथं काय कळणार?"

काका, तिकिटं खपवणं हे एक कारण आहेच, ते कशाला नाकारा. पण तेवढ्यावर ही स्पर्धा टिकली नसती, कारण मुलींच्या हॉकीत गल्ला भरभरून वाहतोय असं चित्र फारसं कुठे नाही. मी या सामन्यांच्या स्कोअर टेबलवर बरीच वर्षं बसते. दोन पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे शिक्षेच्या डब्यांच्या, मधे, काचेला नाक लावून. तिथून एक गोष्ट दिसते ती आधी सांगते, नियमांचं नंतर बघू. या आठवड्यात सगळे संघ एकाच चषकासाठी उतरलेत असं वाटतं, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. कोण कशासाठी खेळतंय हे माहीत असेल तर समोरचा सामना कळतो. ते माहीत नसेल तर हॉकी कोळून प्यालेल्या माणसालाही अर्धाच कळतो.

मांडणी अशी आहे. तुमची तिकिटं ज्या कॉन्फरन्सची आहेत ती वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूसीएचए. मुलींची लीग त्यांनी १९९९-२००० च्या मोसमात सुरू केली. आता आठ संघ आहेत: मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओहायो स्टेट, मिनेसोटा डुलुथ, मिनेसोटा स्टेट, सेंट क्लाउड स्टेट, बेमिजी स्टेट आणि २०२१ मध्ये आलेलं सेंट थॉमस. आठातले सहा एकट्या मिनेसोटा राज्यातले. प्रत्येकाशी चारदा गाठ, म्हणजे लीगचे २८ सामने. ६० मिनिटांत जिंकलात तर ३ गुण, जादा वेळेत जिंकलात तर २, आणि जादा वेळेत हरलात तरी १ हाती लागतो.

लीग संपली की पहिल्या नंबरची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, असं लागतं. ही पहिली फेरी वरच्या चार संघांच्या घरी होते आणि तीनपैकी दोन जिंकायचे असतात: शुक्रवार, शनिवार, आणि दोघांनी एकेक जिंकला तर रविवार. पाच महिने राबून वरचा नंबर मिळवल्याची पहिली कमाई हीच, की या फेरीसाठी दुसऱ्याच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) जावं लागत नाही. मग उरलेले चार एका ठिकाणी जमतात. दोन उपांत्य सामने आणि अंतिम, आणि इथे मात्र एकदा हरलात की घरी. या शेवटच्या टप्प्याला फायनल फेसऑफ म्हणतात. तो बहुतेक वर्षी मिनियापोलिसच्या रिडर अरीनात होतो. हे रिंक २००२ मध्ये खास मुलींच्या हॉकीसाठी बांधलं, अमेरिकन कॉलेजांमधलं तसलं पहिलंच. साधारण ३,४०० माणसं बसतात. शेजारी मुलांचं मारियुची अरीना तिप्पट मोठं आहे, पण रिडरमध्ये शेवटच्या रांगेतूनही खेळाडूचा चेहरा ओळखू येतो.

आता राष्ट्रीय स्पर्धा, कारण काकांच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या मुलींच्या स्पर्धेत ११ संघ घेतात. पाच कॉन्फरन्सच्या चषक विजेत्यांना थेट प्रवेश: डब्ल्यूसीएचए, पूर्वेकडच्या ईसीएसी आणि हॉकी ईस्ट, अटलांटिक हॉकी अमेरिका, आणि न्यू इंग्लंडची न्यूहा. इथे नीट लक्ष द्या. थेट प्रवेश लीगमधल्या पहिल्या नंबरला मिळत नाही, चषक जिंकणाऱ्याला मिळतो. उरलेल्या सहा जागा मोसमभराच्या कामगिरीच्या गणितावर भरतात. पूर्वी ते पेअरवाइज नावाच्या पद्धतीनं करत, २०२५-२६ पासून एनपीआय नावाचा निर्देशांक आला. आकडेमोड बदलली तरी गाभा तोच: किती जिंकलात आणि कोणाविरुद्ध जिंकलात.

११ हा आकडाही आपसूक आलेला नाही. २००५ पासून २०२१ पर्यंत मुलींना आठच जागा होत्या, मुलांच्या स्पर्धेत १६. २०२१ च्या मार्चमध्ये बास्केटबॉलच्या मुलींना दिलेल्या व्यायामशाळेचे फोटो गाजले. मुलांसाठी हॉलभर साहित्य आणि मुलींसाठी डंबेलचा एक स्टँड. त्यावरून बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली आणि बाकीच्या खेळांतली तफावतही कागदावर आली. २०२२ मध्ये आठाचे एकदम अकरा झाले. हॉकीच्या मुलींनी हे वर्षानुवर्षं मागितलं होतं. मिळालं ते बास्केटबॉलच्या डंबेलमुळे.

या चौकटीत उपांत्य फेरीतले चार संघ ठेवून बघा. पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या संघाची राष्ट्रीय जागा पक्की असते. त्याला चषक हवा असतो, पण त्याहून जास्त हवं असतं ते राष्ट्रीय क्रमवारीतलं पहिल्या चारातलं स्थान, कारण उपांत्यपूर्व फेरी त्या चौघांच्या घरी होते. पुढचा संघ पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या उंबरठ्यावर असतो. अकरातल्या पहिल्या पाचांना पहिल्या फेरीत बाय मिळतो, सहाव्यापासून खाली सगळ्यांना एक सामना जास्त. म्हणजे उपांत्य फेरीत इथे झालेला पराभव पुढच्या आठवड्यात एका जादा सामन्याचं ओझं होऊन पाठीवर बसतो. तिसरा प्रकार काठावरच्या संघाचा. तो आपला सामना खेळतो आणि अर्ध लक्ष बॉस्टनकडे, म्हणजे पूर्वेकडच्या सामन्यांकडे, ठेवतो. हॉकी ईस्टमध्ये किंवा ईसीएसीत एखाद्या खालच्या संघानं चषक मारला, तर त्याचा थेट प्रवेश सहा मोकळ्या जागांमधली एक गिळतो, आणि काठावरचा संघ काहीही चूक न करता बाहेर पडतो. शनिवारी दुपारी वर पत्रकारांच्या खोलीत डोकावलात तर समोरच्या सामन्यापेक्षा दुसरीकडच्या स्कोअरवर जास्त डोळे लागलेले दिसतील. आणि चौथा, ज्याला गणितानं कधीच सोडून दिलंय. त्याला चषक जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी तो कदाचित आयुष्यातला शेवटचा स्पर्धात्मक सामना असतो. मुलींची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली खरी, पण तिथल्या जागा मोजक्या. बहुतेकींचं हॉकी कॉलेजात संपतं.

न्यूहा आणि अटलांटिक हॉकी अमेरिका यांच्याकडे तर सहसा चषक विजेता एकटाच पुढे जातो. त्यांच्या अंतिम सामन्यात जो ताण असतो तो आमच्याकडे नसतो, हे मी आमच्या कॉन्फरन्सची असूनही कबूल करते.

बरं, चषक जिंकला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. गेल्या काही वर्षांचा हिशेब बघा. २०२२: लीगमध्ये मिनेसोटा पहिलं, चषक ओहायो स्टेटनं नेला, राष्ट्रीय विजेतेपदही त्यांचंच. २०२३: लीग ओहायो स्टेटची, चषक मिनेसोटाचा, राष्ट्रीय विजेतेपद विस्कॉन्सिनचं. २०२४: लीग पुन्हा ओहायो स्टेट, चषक विस्कॉन्सिन, आणि दोन आठवड्यांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यात तेच दोघं समोरासमोर आले तेव्हा ओहायो स्टेट १-० नं जिंकलं. २०२५: तिन्ही विस्कॉन्सिन. म्हणजे चारात एकदाच एका संघानं सगळं उचललं. काका, तुमच्या "पहिला कोण ते ठरतं" ला माझं उत्तर एवढ्यात आलं.

यातलं २०२३ मला सगळ्यात बोलकं वाटतं. विस्कॉन्सिन कॉन्फरन्सच्या उपांत्य फेरीत गारद झालं आणि राष्ट्रीय स्पर्धेत सहाव्या क्रमांकावर घसरलं. म्हणजे बाय नाही, घरचं रिंक नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन नावाच्या छोट्या गावात, कोलगेट युनिव्हर्सिटीच्या रिंकवर आधी लाँग आयलंड युनिव्हर्सिटीशी जादा सामना, मग कोलगेटला त्यांच्याच घरात हरवायचं. ते केलं. पुढे डुलुथला फ्रोझन फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये, आणि अंतिम फेरीत ओहायो स्टेटला १-०. चारही सामने जिंकून विजेते. लोक म्हणाले, बघा, कॉन्फरन्स स्पर्धेला काही अर्थ नाही. मला उलट वाटतं. त्या एका पराभवानं त्यांचा रस्ता केवढा लांबला ते बघा. प्रशिक्षक मार्क जॉन्सनसारखा मुरलेला माणूस नसता तर तो रस्ता तिथेच संपला असता. हे जॉन्सन म्हणजे १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकन संघातले. त्या सामन्यात त्यांचे दोन गोल होते. २००२ पासून ते विस्कॉन्सिनच्या मुलींना शिकवतात.

आता बर्फावर काय बघायचं.

पकच्या, म्हणजे खेळातल्या टणक चकतीच्या, मागे डोळे पळवू नका, पहिल्या दिवशी ते जमतच नाही. बेंच बघा. एका वेळी पाच खेळाडू आणि एक गोलकीपर बर्फावर असतात, आणि पाचही जणी ४०-४५ सेकंदांनी बदलतात, खेळ चालू असतानाच. शिट्टी वाजून खेळ थांबला की वरच्या नंबरच्या संघाला "घरचा संघ" मानून शेवटचा बदल करायचा हक्क मिळतो. म्हणजे समोरच्या प्रशिक्षकानं कोणाला पाठवलंय ते बघून मग आपण आपल्या मुली पाठवायच्या. मिनेसोटाची सगळ्यात घातक तिकडी उतरली की ओहायो स्टेट आपली बचावातली पक्की जोडी तिच्या समोर आणू शकतं की नाही, हे यावर ठरतं. लीगमधल्या वरच्या नंबरची ही दुसरी कमाई. तिकडे प्रेक्षकांचं लक्षच जात नाही.

दुसऱ्या पिरियडला बाजू बदलते आणि आपला बेंच आपल्या गोलपासून लांब जातो. दमलेल्या मुलींना बदलीसाठी जास्त अंतर कापावं लागतं, त्या अर्ध्या वाटेत सापडतात आणि विरुद्ध संघ सुटतो. एखादा संघ आपल्याच भागात दीड मिनिट अडकून पडला, पक बाहेर काढायलाही जमत नाहीये, असं दिसलं तर समजा, आता गोल येणार किंवा पेनल्टी. थकलेली मुलगी पायांनी पोचू शकत नाही तेव्हा स्टिकनं अडकवते, आणि रेफरीचा हात वर जातो. दोन मिनिटं आमच्या शेजारच्या डब्यात.

मुलींच्या कॉलेज हॉकीत अंगावर धडक देऊन पाडायला मनाई आहे. म्हणून खेळ मऊ असतो असं समजू नका. फळीला चिकटून पकसाठी जी रेटारेटी चालते ती टेबलवर बसल्या बसल्या जाणवते, काच थरथरते. पण धडकेनं प्रश्न सोडवता येत नसल्यामुळे पास जास्त, जागेची जाण जास्त. मुलांची हॉकी बघून आलेला माणूस सुरुवातीला वेग शोधतो. अर्ध्या तासात त्याला रचना दिसायला लागते.

आमच्या टेबलचं थोडं सांगते, कारण फळ्यावरचे आकडे बघून लोक फसतात. घड्याळ उलटं चालतं, २०:०० पासून शून्याकडे. गोल झाला तेव्हा घड्याळात ४:२० दिसत असेल तर आम्ही १५:४० लिहितो, कारण नोंद खेळून झालेल्या वेळेची असते. खांबाला लागून परत आलेला फटका "शॉट" धरत नाहीत, कारण अडवला नसता तरी तो आत गेला नसता. म्हणून फळ्यावर शॉट २८ विरुद्ध १९ दिसले तरी १९ वाल्यांचे तीन फटके खांबावर आपटलेले असू शकतात, आणि सामना त्यांच्याच हातात असू शकतो. एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट, म्हणजे गोलआधी पास देणाऱ्यांची नोंद. गोल झाल्यावर आमच्याकडे जी लगबग दिसते ती याचीच. कोणाच्या स्टिकला शेवटचा स्पर्श झाला यावर कधी कधी एकाच संघातल्या दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि दोघीही खऱ्या असतात.

व्हिडिओवरून फेरविचार हा प्रकार तुम्हाला क्रिकेटमुळे ओळखीचा आहे. प्रशिक्षक आव्हान देतो, रेफरी हेडसेट लावून छोट्या पडद्यापाशी जातात. तो वेळ कंटाळवाणा वाटला तरी उठू नका. २०२५ चा राष्ट्रीय अंतिम सामना याच रिडरमध्ये झाला. ओहायो स्टेट ३-२ नं पुढे, शेवटचं मिनिट, गोलसमोर झुंबड. ओहायोच्या एका खेळाडूनं गोलच्या निळ्या अर्धवर्तुळात पकवर हात ठेवला, असं म्हणून जॉन्सननी आव्हान दिलं. गोलकीपरशिवाय कोणी तिथे पक हातानं झाकला तर थेट पेनल्टी शॉट मिळतो. मिळाला. विस्कॉन्सिनची कर्स्टन सिम्स एकटी पक घेऊन निघाली आणि घड्याळात १९ सेकंदही उरले नव्हते तेव्हा बरोबरी झाली. ओव्हरटाइममध्ये विजयी गोलही तिचाच. मी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. माझ्या मागचं एक कुटुंब गर्दी टाळायला आव्हानाच्या वेळीच निघून गेलं होतं.

ओव्हरटाइमचाही फरक लक्षात ठेवा. लीगमध्ये बरोबरी झाली की पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळतात, मोकळं रिंक, सुसाट पळापळ, आणि तरी तिढा सुटला नाही तर शूटआउट. या स्पर्धेत तसं नाही. पाच विरुद्ध पाच, पुन्हा पूर्ण २० मिनिटांचा पिरियड, पहिला गोल झाला की खेळ खलास. नाही झाला तर बर्फ पुन्हा गुळगुळीत करून आणखी २० मिनिटं. कितीही वेळा. मला स्वतःला तीन-तीनचा प्रकार सर्कशीसारखा वाटतो, पण तरुण मंडळींना तो आवडतो, त्यावर मी भांडत नाही.

आता व्यवहाराचं. सुती साडीवर नुसती शाल घेऊन काकूंनी जाऊ नये. आत बर्फ गोठवलेला आहे आणि बाहेर मिनेसोटाचा मार्च आहे. जाड जाकीट, मोजे, कानटोपी. मोठी पर्स दारात अडवतात. जागा निवडता आली तर काचेलगतची घेऊ नका, तिथून लांबच्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही. थोडं वर, बर्फावरच्या निळ्या रेषेच्या आसपास बसा. गोलच्या मागे वर जाळी असते, बाजूला नसते, आणि सहा औंसांचा टणक पक कधीमधी गर्दीत येतो, तेव्हा खेळ चालू असताना मोबाइलमध्ये डोकं नको. जागेवर ये-जा शिट्टी वाजल्यावरच करायची, नाहीतर मागचे आजोबा ओरडतात. इथले आजोबा याबाबतीत फार कडक आहेत.

आणि जेवून जा. १९९६ च्या ईसीएसी अंतिम सामन्यात न्यू हॅम्पशायर आणि प्रॉव्हिडन्स पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत खेळले होते. ब्रँडी फिशरनं गोल केला तेव्हा १४५ मिनिटं ३५ सेकंदांचा खेळ झाला होता, मधली विश्रांती वेगळी. इतकं लांबेलच असं नाही, पण तिसऱ्या पिरियडनंतर बरोबरी असली तर खाण्याच्या खिडकीवर पॉपकॉर्न सोडून फारसं काही उरलेलं नसतं. अंतिम सामना शनिवारी, आणि राष्ट्रीय स्पर्धेचे ११ संघ रविवारी जाहीर होतात; तेही लेकीला लावून द्यायला सांगा. तुम्ही पाहिलेल्या चारांपैकी कोण कितव्या क्रमांकावर गेलं आणि कोणाला जादा सामना पडला, ते त्यात कळेल.